पाडवा ते पाडवा

मास्क खिशात असू द्या, पण लावू नका. तुम्ही उतरताय ती तारीख 13 मार्च 2020 आहे, शुक्रवार, दिवेलागणीची वेळ, आणि नालवाडीत अजून कोणी तोंडाला काही बांधत नाही. बांधलंत तर पानठेल्यावरचा कोणीतरी काळजीने विचारेल, "काहून जी, तब्येत बरी नाही का?"

वर्ध्याहून नागपूर रोडने निघालं की शहर कुठं संपलं आणि नालवाडी कुठं लागली, हे सांगता येत नाही. कागदोपत्री ग्रामपंचायत, बघायला गेलं तर शहरच. आतल्या गल्लीत वळा. शटर अर्धं वर असलेलं एक बिछायत केंद्र दिसेल. त्याचं नाव विचारू नका. अशी गोडाऊनं जिल्हाभर आहेत आणि तुम्ही त्यांतल्या कुठल्याही एकात शिरला असतात तरी हेच दिसलं असतं. वाकून आत या.

आधी वास येतो. डांबरगोळ्या, दमट कापड आणि डिझेल. डाव्या हाताला गालिच्यांच्या वळकट्या, त्यांच्यावर घड्या घातलेल्या कनाती. भिंतीला टेकवलेले बांबू आणि लोखंडी पाइप. खुर्च्यांचे छतापर्यंत गेलेले मनोरे, त्यांची लाल कव्हरं वेगळ्या गाठोड्यात. कोपऱ्यात, अंगावरचं प्लास्टिकही न काढलेला, वरमालेचा फिरता स्टेज. तो हप्त्यांवर घेतलाय. नवरानवरी त्यावर उभी राहिली की तो सावकाश फिरतो, खालून धूर येतो, वरून पाकळ्या पडतात. यंदाच्या सीझनला ज्याच्या-त्याच्या तोंडी तोच आहे.

मालक प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेत आणि मांडीवर डायरी आहे. गोडाऊनमधली सगळ्यांत महाग वस्तू ही. त्यांच्या खांद्यावरून वाकून एप्रिल बघा. 14 तारखेच्या चौकोनात 'जयंती, स्टेज + साउंड + लाइट' असं लिहिलंय. 26च्या चौकोनात तीन नावं मुंगीच्या अक्षरात कोंबलीत, कारण त्या दिवशी अक्षय्य तृतीया आहे. प्रत्येक नावाच्या कोपऱ्यात एक आकडा. तो ॲडव्हान्स.

बाहेरच्या माणसाला वाटतं, मंडपवाल्याचा धंदा कापडाचा आणि बांबूचा. तो खरं तर तारखांचा. किराणावाल्याचा आज न गेलेला साबण उद्या जातो, 26 एप्रिलची रात्र 27ला विकता येत नाही. आणि कोपऱ्यातला तो आकडा डबीत पडून राहत नाही. मुलीच्या बापाने दिलेले पैसे नागपूरच्या कापडवाल्याकडं जातात, जनरेटरच्या दुरुस्तीला जातात, पोरांच्या उचलीला जातात. आचारी आपल्या हाताखालच्या बायांना त्यातूनच बांधून ठेवतो, धुमालवाला त्यातूनच नवे ढोल मढवतो. सीझन सुरू व्हायच्या आधीच सीझनचे पैसे गावभर वाटले गेलेले असतात. चार लोकांनी एकमेकांच्या शब्दावर उभा केलेला हा सगळा डोलारा. त्यात मोडतोड होते ती पावसाने किंवा मयतीने, आणि ती एका-दोन चौकोनांपुरती. अख्खी डायरी एकदम कोरी होईल हे कोणाच्याच हिशोबात नाही.

मालकांच्या मोबाइलवर बातमी आलीय. मुंबई, नवी मुंबई, पुणे, पिंपरी-चिंचवड आणि नागपूरमध्ये सिनेमागृहं, जिम, पोहण्याचे तलाव मध्यरात्रीपासून बंद. राज्यातला पहिला रुग्ण पुण्यात सापडून चारच दिवस झालेत. ते वाचतात आणि मोबाइल उलटा ठेवतात. "ते नागपूरचं आहे ना जी. आपल्याकडे काहीच नाही होत."

तुम्हाला माहीत आहे काय होतं ते. सांगू नका. एक तर कोणी विश्वास ठेवणार नाही, आणि ठेवलाच तर आज रात्री झोपतील कसे?

त्या बातमीत एक ओळ आहे, ती मात्र नीट वाचा. हुकूम 'साथरोग प्रतिबंधक कायदा, 1897' याखाली निघालाय. ते साल बोटाने दाबा आणि जागा न सोडता मागं जा.

1897. गोडाऊन गेलं, नागपूर रोड गेला. रूळ आहेत. मुंबईहून येणारी आगगाडी तीस वर्षांपूर्वीच वर्ध्यावरून नागपूरला पोहोचलीय आणि पालकवाडीच्या जागी इंग्रजांनी वसवलेलं वर्धा शहर अजून कोरं करकरीत आहे. तुम्ही ज्या मुलखात उभे आहात तो मध्य प्रांत, आणि त्याला दुष्काळाने धरलंय. प्लेग तिकडं मुंबईत आहे, 1896च्या पावसाळ्याअखेरपासून. 4 फेब्रुवारीला कलकत्त्यात हा कायदा मंजूर होतो. अवघी चार कलमं. त्यांच्या जोरावर सरकार घरात शिरू शकतं, गाडी थांबवून प्रवाशांची तपासणी करू शकतं, जत्रा-यात्रा बंद करू शकतं. पुण्यात त्याचं काय झालं आणि 22 जून 1897च्या रात्री प्लेग अधिकारी रँडवर गोळी का झाडली गेली, हे शाळेत शिकलोय आपण, तिथं थांबायला नको. तुम्ही फक्त ती चार कलमं वाचून बघा. त्यांत साथ आहे, साथीचा धोका आहे, मोडणाऱ्याला शिक्षा आहे. जमावासाठी चटया अंथरून, कंदील टांगून, ढोल वाजवून पोट भरणारा माणूस त्यांत नाही. इंग्रजांनी तो लिहिला नाही, यात नवल नाही. पुढं सव्वाशे वर्षांत आपणही लिहिला नाही.

परत येताना दोन थांबे लागतात. ऑक्टोबर 1918 पटकन ओलांडा, तिथं बघण्यासारखं काही नाही आणि जे आहे ते बघवणार नाही. मानमोडीची साथ. ती दसरा-दिवाळीच्या तोंडावरच आली आणि मध्य प्रांत-वऱ्हाड हा देशातल्या सर्वाधिक होरपळलेल्या मुलखांपैकी एक ठरला. जमायला बंदी घालावी इतकी माणसं उभी तरी हवीत.

दुसरा थांबा 1930च्या दशकातला, याच नालवाडीत. विनोबा इथं राहायला आलेत. ग्रामसेवा मंडळाचं काम सुरू आहे, गोपाळराव वाळुंजकरांचं चर्मालय आहे, आणि विनोबा तासन् तास सूत कातत बसलेत. हा त्यांचा प्रयोग आहे. कताईची मजुरी गावातल्या बाईला जितकी मिळते तितकीच स्वतः घ्यायची आणि तेवढ्यात पोट भरतं का ते बघायचं. 1938मध्ये तब्येत ढासळल्यावर ते पवनारला धाम नदीकाठी गेले आणि लोकांच्या तोंडी पवनारच राहिलं. रोजच्या मजुरीवर रोज जगणं म्हणजे काय, हे मोजून बघितलं गेलं ते मात्र नालवाडीत. हे लक्षात असू द्या, गोडाऊनमधली पोरं भेटतील तेव्हा उपयोगी पडेल.

आता 25 मार्च 2020. गुढीपाडवा.

आदल्या रात्री आठला पंतप्रधान टीव्हीवर आले आणि मध्यरात्रीपासून 21 दिवस देश बंद झाला. गल्लीत गुढ्या उभ्या आहेत, गाठ्या मात्र ज्यांनी आधी आणल्या त्यांच्याच गुढीला. मालक आज शटर उघडायला आले नाहीत. तिकडं जुन्नर तालुक्यात नारायणगावला आज तमाशाच्या राहुट्यांपुढं गर्दी असायची. जत्रा-यात्रांच्या सुपाऱ्या ठरवायला गावोगावचे पुढारी पाडव्यालाच तिथं येतात, फडमालक गादीवर बसतात, तारखा लिहिल्या जातात. आज कोणी नाही. इकडं आपल्या पूर्वेला वडसा-देसाईगंजची झाडीपट्टी मात्र नशिबाने वाचली. त्यांचा नाटकांचा हंगाम दिवाळीपासून होळीपर्यंत, आणि यंदाची होळी 9 मार्चला झाली, म्हणजे ज्या दिवशी पुण्यात पहिला रुग्ण सापडला त्याच दिवशी. पुढच्या हंगामाची कथा निराळी.

पहिल्या आठवड्यात फोन गोड असतात. "भाऊ, तारीख समोर ढकलून देऊ. लगन तं होनारच आहे." मालक खाडाखोड करून मे महिन्यात बाण काढतात. मग मेमधले जूनमध्ये. तिसऱ्या आठवड्यात आवाज बदलतो. मुलीच्या बापाचीही रोजी बंद आहे, त्याला आपले पैसे परत हवेत, आणि त्याचं काही चुकत नाही. मालक उभे राहून बोलतात, बसून नाही. "मी खाल्ले नाही जी पैसे. कापडात गेले. कापड घेऊन जा म्हणलं तं घेऊन जाता का?" फोन ठेवल्यावर ते बराच वेळ त्या फिरत्या स्टेजकडं बघत बसतात. त्याचा हप्ता दर महिन्याच्या पाच तारखेला जातो. रिझर्व्ह बँकेने हप्ते लांबवायची सवलत दिलीय, आधी तीन महिने, मग ऑगस्टअखेरपर्यंत. व्याजाचं मीटर चालूच आहे. सवलत म्हणजे काय ते त्यांच्या मुलाने कॅल्क्युलेटरवर काढून दाखवलं तेव्हा त्यांनी कॅल्क्युलेटर बंद केलं.

14 एप्रिलला सकाळी जरूर या. विदर्भात हा एक दिवस नसतो, महिना असतो. वस्तीवस्तीत भीमजयंती, पुढं बुद्धपौर्णिमेपर्यंत गाण्यांचे कार्यक्रम, एका रात्री दोन गावं करणारे गायक, त्यांच्यामागं तबला, बँजो, ऑर्गन, कोरस. बौद्ध समाजातली लग्नंही याच दिवसांत लागतात आणि त्यांना पंचांगाच्या मुहूर्ताची वाट बघावी लागत नाही, त्यामुळं बिछायतवाल्याची डायरी मधल्या तारखांनाही भरलेली असते. पुण्या-मुंबईत बसून या व्यवसायाबद्दल लिहिणारे नाट्यगृहं आणि ऑर्केस्ट्रा मोजतात. वर्ध्याकडची निम्मी कला रस्त्यावरच्या स्टेजवर, लोकवर्गणीतून चालते. तिचं तिकीटच नसतं, तर तिकीटविक्रीच्या नुकसानीत ती येणार कुठून? आज सकाळी दहा वाजता पंतप्रधान पुन्हा टीव्हीवर आहेत. लॉकडाऊन 3 मेपर्यंत वाढला. वस्तीत प्रत्येक दारापुढं पणती आणि फोटो, आणि कुठं तरी एका घरातून मोबाइलच्या स्पीकरवर गाणं. ते गाणं ज्याच्या आवाजात आहे तो गायक या महिन्यात वर्षभराची कमाई करतो. यंदा तो घरी बसून फेसबुकवर लाइव्ह गातोय आणि लोक त्याला अंगठे पाठवताहेत.

एक गंमत पुढंच आहे. 1 मेच्या यादीत वर्धा जिल्हा ग्रीन झोनमध्ये होता. अख्ख्या राज्यात असे सहाच जिल्हे. रुग्ण एक नाही आणि लग्न एक नाही. मग हुकूम आला, लग्न करा, पण 50 माणसांत. लोक हसले, मग शहाणे झाले. अंगणात पाट टाकला, मामाने अंतरपाट धरला, भटजींनी मास्कमधून मंगलाष्टकं म्हटली, संध्याकाळी नवरी सासरी. खर्च इतका कमी की वडीलधारे म्हणाले, असंच पाहिजे होतं. बरोबरच आहे. उधळपट्टी कमी झाली हे चांगलंच, आणि ती उधळपट्टी ज्यांची मजुरी होती त्यांचं काय, हेही तितकंच बरोबर आहे. या दोन वाक्यांमध्ये तेव्हा कोणी 'आणि' घातला नाही.

जुलैत गोडाऊनला परत या. पावसाचा आवाज पत्र्यावर. आषाढीला पालख्या एसटीने पंढरपूरला गेल्या. यंदा अधिक आश्विन आल्यामुळं चातुर्मास पाच महिन्यांचा आहे, म्हणजे कोरोना नसता तरी नोव्हेंबरअखेरपर्यंत मुहूर्त नव्हते. हे पंचांगाला आधीच माहीत होतं, म्हणून तर उन्हाळा गच्च भरलेला होता.

बंद गोडाऊन म्हणजे वस्तू सुरक्षित, असं वाटतं ना? कनातीची एक घडी उलगडून बघा. आत काळे ठिपके पडलेत. कापड महिन्यातून दोनदा उन्हात गेलं तर टिकतं, आणि एरवी ते आपोआप जायचं, कारण रोज कुठंतरी लागायचं. उंदरांनी साउंडची केबल मधोमध कुरतडलीय. बेसच्या स्पीकरचा कागदी पडदा दमट होऊन मऊ पडलाय, आता त्यातून ढोल वाजला तर फाटका येईल. जनरेटरची बॅटरी उतरली. एलईडी पार लाइटच्या आत मुंग्यांनी घर केलंय. न वापरलेली वस्तू जुनी होत नाही असं म्हणणाऱ्याने कधी ॲम्प्लिफायर घेतलेला नसतो.

पोरं कुठं आहेत? एक भाजीच्या हातगाडीवर आहे, नागपूर रोडलाच भेटेल. एक शेतात निंदणाला जातो. कापडाच्या चुण्या घालणारे बंगाली कारागीर श्रमिक रेल्वेने गावी गेले ते गेलेच. वरातीत डोक्यावर रोशनाई घेऊन चालणाऱ्या बाया कुठं गेल्या हे मालकांनाही ठाऊक नाही. त्यांचा फोन नंबर कधी कोणाकडं नव्हताच, निरोपावर यायच्या. जो हलवाई-आचारी दोन हजार माणसांचा भात डोळ्यांनी मोजायचा, तो डब्यांचं काम शोधतोय. तुम्ही त्याला विचारलंत, कसं चाललंय, तर तो म्हणतो, "चार डब्यांत मीठ किती टाकाव तेच समजत नाही." हे तो विनोद म्हणून सांगत नाही.

22 ऑगस्टला गणपती बसतील. मूर्ती सार्वजनिक मंडळाची चार फूट, घरची दोन. मिरवणूक नाही. मुंबईत लालबागच्या राजाने मूर्तीच बसवली नाही, रक्तदान आणि प्लाझ्माचं शिबिर घेतलं. आपल्या जिल्ह्यात सिंदी रेल्वे या गावचा तान्हा पोळा, जिथं माणसापेक्षा उंच लाकडी नंदी मिरवतात, तोही मिरवला नाही. नवरात्रात गरबा नाही. दीक्षाभूमीवरचा धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा सोहळा नाही, म्हणजे नागपूरच्या रस्त्यावर लागणारे भोजनदानाचे मंडपही नाहीत.

याच उन्हाळ्यात जगाच्या दुसऱ्या टोकाला डोकावून यायचं तर 22 जूनची रात्र बघा. जर्मनीत हजारो इमारती लाल दिव्यांनी उजळल्यात. कार्यक्रम करणाऱ्यांनी, म्हणजे लाइटवाले, साउंडवाले, स्टेज बांधणारे यांनी, आम्ही मरतोय हे सांगायला आपल्याच दिव्यांचा उपयोग केलाय. आठवड्याभराने कॅनडाची सर्क द्यु सोलेय दिवाळखोरीपासून संरक्षण मागते. जगातली सर्वांत श्रीमंत सर्कस, आणि तिच्याकडंही दोन-तीन महिन्यांपुरतंच बळ होतं. ब्रिटनचं सरकार जुलैत कला-संस्कृतीसाठी 157 कोटी पौंडांची मदत जाहीर करतं. जर्मनीही शंभर कोटी युरोंचा निधी काढते. तिथल्याही फ्रीलान्स लाइटवाल्यांची तक्रार हीच राहिली की पैसा इमारतींना मिळाला, माणसांना कमी. निदान त्यांना धंदा म्हणून नाव होतं. आपल्याकडं मंडपवाले, बँडवाले, केटरर निवेदनं घेऊन जिल्ह्याजिल्ह्यांत जिल्हाधिकारी कार्यालयांत गेले आणि तिथं पहिला प्रश्न आला, तुम्ही कोणत्या विभागात येता? मंडप सेवेवर 18 टक्के जीएसटी घेताना तो प्रश्न पडत नव्हता.

नोव्हेंबर 2020. पाच तारखेपासून राज्यात नाट्यगृहं, सिनेमागृहं निम्म्या खुर्च्यांवर उघडली. तुळशीची लग्नं लागली, पाठोपाठ माणसांची. मालकांनी कापड धुतलं, केबल बदलल्या, एक पोरगा परत आला. डिसेंबरात चार-सहा कामं झाली. आणि लगेच गुरू-शुक्राचा अस्त. जानेवारीच्या मध्यापासून एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत मुहूर्त जवळजवळ नव्हतेच, घाईवाल्यांसाठी काढलेले गौण मुहूर्त तेवढे. फेब्रुवारीत शेजारच्या अमरावतीत दुसरी लाट दिसली आणि तिकडं पुन्हा लॉकडाऊन लागला. वर्ध्यातही निर्बंध आले. पंचांग बघून लोकांनी एप्रिलअखेरच्या तारखा धरल्या.

तुम्ही आता 22 एप्रिल 2021च्या संध्याकाळी आहात. आठ वाजल्यापासून नवा आदेश लागू होतोय. लग्न एकाच सभागृहात, दोन तासांत, 25 माणसांत. मोडलं तर 50 हजार रुपये दंड.

मास्क आता लावा. दोन लावा.

दुसऱ्या दिवशीच्या लग्नाला चला. मालकांनी मोजून 25 खुर्च्या लावल्यात आणि प्रत्येक खुर्चीवर चिठ्ठी चिकटवलीय. पंचविसांत भटजी धरायचे की नाही यावर दोन्हीकडच्या काकांचं वाजतं. भटजी धरले, आत्या वगळली. आत्या फाटकाबाहेर रिक्षात बसून मोबाइलवर बघतेय. घड्याळ मुलाच्या मेव्हण्याच्या हातात. बँडमास्तर आलेत, साध्या कपड्यांत, वाजवायला नाही, मागची बाकी मागायला. त्यांना कोणी रागावत नाही आणि बाकीही देत नाही. एक तास चाळीस मिनिटांत सगळं आटोपतं. बाहेर रस्त्यावरून सेवाग्रामच्या दिशेने ॲम्ब्युलन्स जाते, तिच्यामागं दुसरी. अख्ख्या मंडपात कोणी त्यावर काही बोलत नाही, कारण प्रत्येकाचं कोणी ना कोणी तिकडं कस्तुरबा रुग्णालयात किंवा सावंगीच्या दवाखान्यात आहे.

इथं उभं राहून 'कार्यक्रम सुरू करा' असं तुमच्याच्याने म्हणवणार नाही. मालकही म्हणत नाहीत. निर्बंध चुकीचे होते असं हा लेख म्हणत नाही. ज्यांनी घरी बसून साथ अडवली त्यांत हा माणूस पहिल्या रांगेत होता, सर्वांत आधी बंद झाला आणि सर्वांत शेवटी उघडणार होता, आणि या कामाची मजुरी त्याला कोणी दिली नाही, एवढंच.

त्या मे महिन्यात त्यांना मिळालेलं एकमेव नियमित काम म्हणजे लसीकरण केंद्रापुढचा मंडप. 25 तारखेला तमाशातल्या ज्येष्ठ कलावंत कांताबाई सातारकर गेल्या. ती बातमी मालकांनी त्याच मंडपाच्या सावलीत वाचली. तमाशा काही वर्ध्याचा नव्हे, पण फड म्हणजे काय ते बिछायतवाल्याला सांगावं लागत नाही.

वर्षाच्या शेवटाला मदत आली. राज्य सरकारने सुमारे 56 हजार कलावंतांना प्रत्येकी 5 हजार रुपये एकरकमी द्यायचं ठरवलं. भारूडवाला, गोंधळी, शाहीर, दंडारवाला अर्ज करू शकत होता. कागदपत्रं जमली तर. त्यांच्यासाठी स्टेज बांधणारा, वायर ओढणारा, भात शिजवणारा कलावंत नव्हता, म्हणून त्याला त्या अर्जात रकाना नव्हता. 5 हजार रुपयांना नावं ठेवणं सोपं आहे. मालकांच्या ओळखीच्या एका कव्वालाने ते घेतले आणि हार्मोनियमच्या सुरांची दुरुस्ती केली. त्यात तितकंच झालं, पण झालं.

पुढचे महिने भरभर चला. 22 ऑक्टोबर 2021ला नाट्यगृहं पुन्हा उघडून झालीत. जानेवारीत ओमिक्रॉन येतो, पुन्हा 50 माणसं. 4 मार्च 2022पासून ज्या 14 जिल्ह्यांत निर्बंध सैल होतात त्यांत वर्धा आहे. आणि 2 एप्रिल 2022ला राज्यातले सगळे निर्बंध उठतात. तारीख डायरीत बघा. गुढीपाडवा. पाडव्याला बंद झालेला धंदा पाडव्याला उघडला. मालकांना यात काही शुभशकुन वगैरे दिसत नाही. त्यांना दिसतात ती पंधरा दिवसांत आलेली दोन वर्षांची लग्नं आणि त्यांच्याकडं असलेली तीन पोरं.

तुम्हाला वाटेल, आता सुगी. माल निम्मा बाद, कापडाचे भाव वाढलेले, डिझेल वाढलेलं. भाजीच्या गाडीवरचा पोरगा परत यायला तयार नाही. "रोज संध्याकाळी पैसे हातात येतात जी. तुमच्याकडे सीझन सरल्यावर." विनोबांचा प्रयोग त्याने ऐकलेला नाही, पण रोजच्या मजुरीचा हिशोब त्याचा पक्का आहे. मालक पहिल्यांदाच पोरांना रोजच्या रोज पैसे द्यायचं कबूल करतात. या धंद्यात साथीने केलेला हा बदल कुठल्याच अहवालात सापडायचा नाही.

शेवटचा मुक्काम फेब्रुवारी 2023. वर्धा माणसांनी फुललंय. स्वावलंबी विद्यालयाच्या मैदानावर 3 ते 5 फेब्रुवारी अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन, अध्यक्ष न्या. नरेंद्र चपळगावकर. शहरात त्याच वेळी विद्रोही साहित्य संमेलनही. पु. शि. रेगे अध्यक्ष असलेलं 1969चं संमेलन ज्यांनी वर्ध्यात पाहिलं ते म्हातारे आराम खुर्च्या शोधताहेत. अशी मोठी कंत्राटं मोठ्या गोडाऊनांची असतात. पण कुठंही मोठं काम असलं की ऐन वेळी खुर्च्या कमी पडतात आणि मग लहान गोडाऊनांचे फोन वाजतात. मालकांचा फोन सकाळपासून वाजतोय. ते उचलत नाहीत, समोर गिऱ्हाईक बसलंय. मुलीचं लग्न, मे महिना, फिरता स्टेज पाहिजेच.

पावतीपुस्तक नवं छापलंय. गिऱ्हाईक चष्मा लावून खालची बारीक ओळ वाचतं. 'साथ अथवा शासकीय आदेशामुळे कार्यक्रम रद्द झाल्यास ॲडव्हान्स परत मिळणार नाही, तारीख बदलून मिळेल.'

"हे काय जी नवीन?"

"वाचलं ना तुम्ही."

"आता कुठं आहे कोरोना? काढून टाका ते."

"काढतो. मंग स्टेजचे पूर्ण पैसे आजच द्या."

गिऱ्हाईक बायकोकडं बघतं. बायको स्टेजकडं बघतेय. तो आता प्लास्टिकमधून बाहेर काढलेला आहे, एका बाजूचा रंग उडालाय, मोटरला नवीन बेल्ट बसवलाय. ती विचारते, "धूर निघते ना याच्यातून?"

"निघते नं, ताई. लावून दाखवू?"

सही होते. मालक डायरी उघडून मे महिन्याच्या चौकोनात नाव घालतात, कोपऱ्यात आकडा घालतात, आणि मग त्या वाजणाऱ्या फोनवर म्हणतात, "दोनशे खुर्च्या भेटतीन. गाडीभाडं वेगळं."